याच्या जागी हे चालतंय

माझ्या बायकोचं म्हणणं आहे, की मी झोपेतही एकच वाक्य बडबडतो, "याच्या जागी हे चालतंय." खरंखोटं तिलाच माहीत. पण जागेपणी हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी बोलत आलोय, हे कबूल आहे. नांदेडात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान घालून मला तीस वर्षं होऊन गेली. आता थोरली लेक दुकान बघते आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिच्या कामात लुडबूड करतो. दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, त्या ७४०३ चं लिहा." मी म्हणालो, त्यात माझी काय शोभा? ती म्हणाली, "म्हणूनच लिहा."

मूळचे आम्ही मुरुडचे, लातूर जिल्ह्यातले. घर लिंगायत, दुकानदारी पिढीजात. वडील, चुलते सगळे किराणा-भुसारात. तराजू सोडून मी एकटाच सोल्डरिंग आयर्नच्या नादी लागलो. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचा मुलगा नक्की काय विकतो. एकदा दुकानात आले, चारशे बारक्या कप्प्यांमधला एक उघडला, त्यातले मुगाएवढे रेझिस्टन्स ओंजळीत घेऊन म्हणाले, "हे खातेत का पेरतेत?"

तर हे रेझिस्टन्स, कंडेन्सर, डायोड आणि आयसी. आयसी म्हणजे ज्याला पुस्तकात चिप म्हणतात ती काळी वडी, दोन्ही बाजूंना पाय असलेली. हजार नंबर असतात आणि कुठल्याही दुकानात सगळे मिळत नाहीत. आता किनवटहून एखादे मास्तर आश्रमशाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पहाटे निघून माझ्याकडे येतात, यादीतला एक नंबर माझ्याकडे नसतो. त्यांना तसंच परत कसं पाठवायचं? म्हणून मी एक वही केली होती. कुठल्या नंबरच्या जागी कुठला नंबर चालतो त्याची. ती वही म्हणजे माझा जीव की प्राण. औरंगाबादच्या दुकानदारांनी तिची झेरॉक्स मागितली होती, मी दिली नाही. इतका मी त्या वहीच्या बाबतीत चिक्कू आणि गर्विष्ठ होतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कंटाळू नका. साध्यातल्या साध्या आयसीच्या पोटात चार गेटं असतात. प्रत्येक गेटाचं काम एवढंच, की दोन पायांवर काय येतंय ते बघायचं आणि तिसऱ्या पायावर 'हो' किंवा 'नाही' सांगायचं. 'हो' म्हणजे त्या पायावर वीज, 'नाही' म्हणजे शून्य. या उत्तर देणाऱ्या पायाला आम्ही आउटपुट म्हणतो. आणि नव्याने सर्किट जोडणारा प्रत्येक माणूस, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असो की हौशी मास्तर, एकदा तरी एकच चूक करतो. त्याला दोन ठिकाणची उत्तरं एका दिव्यावर हवी असतात, म्हणून तो दोन आउटपुट सरळ एकमेकांना जोडून टाकतो.

आमचे इब्राहीमभाई मंडपवाले यात अग्रेसर. गणपतीच्या आधी पंधरा दिवस ते काडीपेटीत घालून एक आयसी घेऊन आले. तिच्या पाठीला भोक पडलेलं. त्यांनी पळत्या दिव्यांची दोन सर्किटं केली होती आणि दोन्हींची टोकं पिळून, वर टेप मारून, एकाच माळेला लावली होती. वायरमन माणूस, जन्मभर वायरी पिळण्यात गेला.

"अप्पा," ते म्हणाले, "दो बटन एक घंटी बजाते ना? तो दो आयसी एक माळ कायकू नै चलाते?"

प्रश्न बिनतोड होता. मी त्यांना सांगितलं, की भाई, बटण दाबलं नाही तर ते गप्प बसतं, मध्ये तोंड घालत नाही. आयसीला गप्प बसणं माहीत नाही. ती 'हो' म्हणत नसेल तेव्हा तितक्याच जोरात 'नाही' म्हणत असते. एक 'हो' म्हणून वीज ढकलते, दुसरी 'नाही' म्हणून तीच वीज खाली ओढते. माळ राहते बाजूला, वीज एकीतून दुसरीत धावते आणि दोघी तापतात. इब्राहीमभाईंनी मान हलवली आणि म्हणाले, "यानी एक मंडप पे दो मुकादम. एक बोलता बांधो, एक बोलता छोडो." त्यानंतर मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो आणि इब्राहीमभाईंचं नाव कधी घेतलं नाही, याबद्दल त्यांची माफी मागतो.

मग दोन आउटपुट एकत्र करायचे कसे? एक उपाय डायोडचा. डायोड विजेला एकाच बाजूने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. हे समजावून सांगायला मला विद्यार्थ्यांपुढे अर्धा तास लागायचा. मुरुडच्या माझ्या चुलतभावाला, शिवलिंगला, अर्धा मिनिटही लागलं नाही. शेतातल्या दोन टाक्यांसाठी एकच भोंगा त्याला हवा होता. मी फळ्यावर रेघा ओढायला लागलो तर म्हणाला, "मन्मथ, हे वालाचंच की. दोन बोअरचं पाणी एका पायपात सोडायचं तर दोन्हीकडं उलटं न जानारा वाल बसवावा लागतोय. न्हाईतर ह्या बोअरचं पाणी त्या बोअरात. तुजा डायोड म्हंजी वालच हाय." मी खडू खाली ठेवला.

दुसरा उपाय वेगळ्या जातीच्या आयसीचा. जुन्या एसटीत छताला लागून एक दोरी असायची आणि तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी. दोरी कंडक्टरने ओढली तरी घंटी वाजणार, मागच्या सीटवरच्या कुणी ओढली तरी वाजणार. ज्याला ओढायची नाही त्याने हात लावायचा नाही. भांडणाचा प्रश्नच नाही, कारण दोरी कुणी ढकलत नाही. काही आयसी अशाच बनवलेल्या असतात. त्यांना फक्त ओढता येतं, नाहीतर त्या गप्प. अशा आयसींचे आउटपुट खुशाल एकत्र बांधावेत, वर एक रेझिस्टन्स लावला की काम झालं. ७४०३ ही त्या जातीची.

आणि तिची जुळी बहीण ७४००. चौदा पाय हिला, चौदा तिला. कुठल्या पायावर काय, तेही तंतोतंत तेच. फरक पोटात. ७४०० ला ओढताही येतं आणि ढकलताही येतं. एकेक आउटपुट सुटा वापरला तर ७४०३ च्या जागी ७४०० बिनदिक्कत चालते. शिवाय ७४०० माझ्याकडे मूठमूठ असायची, ७४०३ वर्षात दोन खपल्या तर खपल्या. म्हणून माझ्या वहीत ७४०३ च्या पुढे लिहिलेलं होतं, '७४०० चालेल.' कधी चालणार नाही, ते मी लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं ना, मग कशाला लिहायचं?

मुदखेडचे एक निवृत्त सिग्नलवाले गिऱ्हाईक होते. जन्म रेल्वेच्या सिग्नलांवर गेलेला. ते खिशातून भिंग काढून प्रत्येक आयसीवरचा नंबर तीनदा वाचायचे, मग यादीशी ताडायचे, मगच पुडी बांधू द्यायचे. मी त्यांना चिडवायचो, "काका, हिच्यावरून मालगाडी जाणार नाही." ते म्हणायचे, "तुम्हाला काय माहीत कुणाची जाणार हाय ते." त्यांना मी कधी पर्याय दिला नाही. ते भांडले असते.

अनिता भांडू शकली नाही.

प्रोजेक्टचे दिवस होते. काउंटरला विद्यार्थ्यांची ही गर्दी. त्यातून वाट काढत दोन बायका आत आल्या. म्हातारीच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं तीन महिन्यांचं बाळ, आणि तिच्यामागे तिची सून, ही अनिता. सुनेने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर सर्किट काढलेलं होतं. माझ्याकडे अंतिम वर्षाचे विद्यार्थी जी चित्रं आणतात ती बघता हा कागद बघून मला बरं वाटलं. पट्टीने मारलेल्या रेघा, प्रत्येक पायाला नंबर, खाली सामानाची यादी.

"हिला बोलता-आयकता येत न्हाई," म्हातारी म्हणाली, "पन बाकी सगळं येतंय. आयटीआय केल्याली हाय. लातूरला मिक्सर-पंखे दुरुस्त करती. तुमी फकस्त सामान द्या."

म्हातारी म्हणजे गंगाबाई. निघाल्या मुरुडच्याच, म्हणून दोन शब्द जास्त बोलल्या. मुलगा भास्कर, तोही बहिरा, लातूरला शिंप्याच्या दुकानात कामाला. अनिता बाळंतपणाला नांदेडला माहेरी आलेली, आता गंगाबाई तिला आणि नातीला घेऊन लातूरला निघालेल्या. नातीचं नाव अजून कागदोपत्री ठरायचं होतं, घरात सगळे गुड्डी म्हणत. गुड्डीला ऐकू येत होतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं.

"मी म्हनलं, दीड वर्साची होईस्तोवर पोरगी मुरुडला माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या," गंगाबाई बाळाला थोपटत म्हणाल्या. "दोघांला बी आयकू न्हाई. लेकरू रडून रडून काळंनिळं झालं तर कुनाला कळनार? ही आयकंना. म्हनती, दिवा करते. लेकरू रडलं की दिवा लागंल. मंग मी म्हनलं, म्हयनाभर बसून बघते. लागला दिवा तर बरंच हाय. न्हाई लागला तर पोरगी माझ्यासंगं."

अनिता सासूच्या ओठांकडे बघत होती. सगळं कळत होतं तिला. तिने कागद माझ्याकडे सरकवला.

सर्किट सुंदर होतं. एक माइक पाळण्याशी, एक बटण दाराशी. बाळ रडलं किंवा कुणी दार वाजवायला बटण दाबलं, की तीन ठिकाणचे दिवे लागणार, चुलीशी, शिलाई मशीनशी आणि पलंगाशी. बाळ रडलं की मोबाइल थरथरेल असं आधी करून बघितलं होतं म्हणे तिने, पण हात पिठात असले की मोबाइल कुठला जवळ? माइकचा एक आणि बटणाचा एक असे दोन आउटपुट तिने थेट एकत्र जोडले होते आणि यादीत बरोबर ७४०३ लिहिली होती. म्हणजे सगळं समजून-उमजून केलेलं. हे मला आता दिसतं. त्या दिवशी मी कागद नीट बघितलाच नाही. यादी वाचली, कप्पा उघडला, ७४०३ नव्हती. हात सवयीने शेजारच्या कप्प्यात गेला.

आयसी काउंटरवर ठेवल्याबरोबर अनिताने बोट आधी यादीतल्या ७४०३ वर ठेवलं, मग आयसीच्या पाठीवरच्या ७४०० वर. पुन्हा यादीवर, पुन्हा आयसीवर. मी दोन बोटं जोडून दाखवली, दोन्ही एकच म्हणून. तिने नकारार्थी मान हलवली. मग तिचं बोट आकृतीत जिथे दोन रेघा एकमेकींना मिळत होत्या तिथे गेलं आणि तिथेच थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी त्या बोटाकडे बघितलं नाही. पलीकडून एक विद्यार्थी "अप्पा, माझं आधी" करत होता. मी त्या न ऐकू येणाऱ्या बाईला मोठ्याने म्हणालो, "चालतंय. याच्या जागी हे चालतंय."

"अप्पा म्हनतेत तर चालंल," गंगाबाई म्हणाल्या. "चल, गाडी जाईल."

अनिताने कागदाची घडी घातली. मग तिने आयसी पर्समध्ये ठेवली. मला वाटतं, ऐकू येणारी माणसं अशी हात उडवून मोकळी होतात, याची तिला सवय असणार. तिने माझ्याशी वाद घालायचा तरी कसा?

आठवड्याभरात तिने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. पाळणा, पाळण्यात लालबुंद होऊन रडणारी गुड्डी, आणि वर लख्ख लागलेला दिवा. खाली लिहिलं होतं, 'अप्पा, लागला.' मी तो व्हिडिओ दुकानात येईल त्याला दाखवला. मुदखेडच्या काकांनाही दाखवला. त्यांनी विचारलं, "आयसी कोणती दिली?" मी म्हणालो, "काका, दिवा बघा की." मला तेव्हाही काही आठवलं नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळी गंगाबाईंचा फोन आला.

"अप्पा, तुमचा दिवा इझला."

काल त्या मुद्दाम बाजारात गेल्या होत्या, बघू तर खरं म्हणून. परत येताना गल्लीच्या तोंडापासूनच आवाज यायला लागला. "घसा बसल्याला लेकराचा. शेजारीन दार बडवायली. आत ही पाठ करून भाकऱ्या थापायली. दिव्याकडं बगती मदीमदी, दिवा अंधार. तिची तरी काय चूक ओ? तिनं इस्वास ठिवला दिव्यावर." मग म्हणाल्या, "परवा नेते पोरीला मुरुडला. तुमी एवढं सामान दिलं, म्हनून कळवलं."

मी फोन ठेवला आणि बघितलं, अनिताचा मेसेज येऊन पडला होता. एक फोटो आणि एक ओळ. फोटोत आयसीची पाठ, त्यावर ७४००. ओळ अशी, 'अप्पा, हात लावला तर चटका बसतो. ०३ हवी होती ना?'

मी स्टुलावर बसून राहिलो. त्या एकत्र मिळणाऱ्या दोन रेघा, तिथे थांबलेलं बोट, सगळं आता डोळ्यांपुढे आलं. जोडलेली लाइन खाली ओढली की दिवा लागणार, अशी तिची जोडणी होती. गुड्डी रडायची तेव्हा माइकचं गेट लाइन खाली ओढायचं, दाराचं गेट तीच लाइन वर ढकलायचं. या जातीच्या आयसीत ओढणारं थोडं जास्त जोरकस असतं, म्हणून दिवा लागत होता. आठवडाभर लागत होता, हीच तर गोची. लेकराच्या प्रत्येक रडण्याला ती आयसी तापत होती आणि आतून जळत होती. इतकी वर्षं मी ज्याला त्याला दोन मुकादमांची गोष्ट सांगत होतो आणि एका बाळाच्या पाळण्यावर मीच दोन मुकादम बसवले होते.

गावातल्या दुकानांत विचारलं, ७४०३ कुणाकडेच नव्हती. कुरिअरने यायला चार दिवस लागणार आणि पोरगी परवा जाणार. मग एक कोरी ७४००, चार डायोड, सोल्डरिंग आयर्न असं पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची लातूरची गाडी धरली. शिवलिंगचा वाल बसवायचा, दोन डायोड घालायचे, हे डोक्यात पक्कं होतं. गंगाबाईंना काय सांगायचं ते मात्र पक्कं होत नव्हतं. आमच्या धंद्यात एक सोयीचं वाक्य असतं, 'पार्ट खराब निघाला.' कंपनीवर गेलं, दुकानदार सुटला. वाटेत लोहा येईपर्यंत मी हेच सांगायचं ठरवलं होतं. अहमदपूरला चहा प्यायलो तेव्हाही तेच. खोटं कशाला सांगू, लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हाही तेच होतं.

गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एका गल्लीत दोन खोल्या. भास्कर कामावर गेलेला. गुड्डी पाळण्यात झोपलेली. गंगाबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला आलात, अप्पा? न्हाई जमलं तिला, न्हाई जमलं. लई धडपड केली पोरीनं."

'न्हाई जमलं तिला.' अनिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि सासूच्या ओठांकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, रडूही नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "गंगाबाई, तिला जमलं होतं. चूक माझी आहे. तिनं मागितली ती आयसी माझ्याकडं नव्हती. मी दुसरीच दिली."

"म्हंजी? तुमच्याकडनं कशी चुकंल?"

"चुकली."

"मंग हिनं सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं. दोनदा सांगितलं, बोट ठेवून. मी ऐकलं नाही."

मी अनिताकडे वळलो आणि तिला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणालो, की चूक माझी होती, तुझं सर्किट बरोबर होतं. हात जोडले. माझ्या वयाच्या माणसाने हात जोडले म्हणून ती गडबडली, पुढे होऊन तिने माझे हात खाली केले. मग डोळ्यांना पदर लावला.

मग मी पिशवीतून डायोड काढले आणि मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवले. तिने ते बघितले, बाजूला सारले आणि फळीवरून एक कागद काढून आणला. रात्री बसून काढला असावा. चार गेटं आहेत, आपण दोनच वापरतोय, असं तिने बोटांनी दाखवलं. दोन गेटांचे आउटपुट एकमेकांना जोडायचेच नाहीत. ते तिसऱ्या गेटाच्या दोन पायांना द्यायचे. दोघं काय म्हणतात ते तिसरं ऐकून घेईल आणि एकच उत्तर देईल. ते उत्तर चौथ्या गेटातून उलटवून घेतलं की पुढचं सर्किट जसंच्या तसं. ना डायोड, ना ७४०३. साधी कोरी ७४०० पुरेशी.

मी तो कागद दोनदा वाचला. चूक काढायला जागा नव्हती. माझ्याकडच्या चार गेटांच्या आयसीतली दोन गेटं रिकामी बसलीत, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ज्या दुकानात मूठमूठ ७४०० पडलेल्या असतात त्या दुकानाच्या मालकाची ही गत. मी निमूटपणे कोरी आयसी तिच्या हातात दिली. तिने नंबर वाचला, माझ्याकडे बघून हसली आणि सोल्डरिंगला बसली. मी वायरी सोलून द्यायचं काम केलं. अर्ध्या-पाऊण तासात झालं. आयसीवर बोट ठेवलं, गार होती.

"टाळी वाजवून बघू का?" मी विचारलं.

"नगं," गंगाबाई म्हणाल्या. "पोरीला उठवायचं न्हाई. तिच्या मनानं उठू दे, तिच्या मनानं रडू दे. मी बसते हितं."

त्या पाळण्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसल्या. मी बाजेवर. अनिता आतल्या खोलीत भाकऱ्या थापायला गेली, आमच्याकडे पाठ करून. मी तिकडचा दिवा दिसेल असा बसलो होतो. दुपार होती, गल्लीत कुणी कुणी जात होतं.

गुड्डी हलली. आधी नुसतं कुरकुरली, मग एकदम तोंड उघडून रडायला लागली. मी गंगाबाईंकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात पाळण्याच्या दिशेने निघाले होते, ते त्यांनी मागे घेतले आणि मांडीखाली दाबून धरले. सगळा जीव कानात गोळा झालेला. नात दोन हातांवर रडतेय आणि ऐकू येणारी आजी जागची हलत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. त्या दिवशी एवढं कठीण काम त्या खोलीत दुसऱ्या कुणीच केलं नव्हतं.

दिवा लागला. पलंगाशी लागला, आत चुलीशीही लागला. अनिताने मान वर केली. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत आली, कोपरांनीच पोरीला उचललं आणि छातीशी धरलं. गुड्डीच्या झबल्याला पीठ लागलं आणि ती गप्प झाली.

गंगाबाईंनी मांडीखालचे हात काढले. लाल झाले होते. बराच वेळ त्या ते एकमेकांवर चोळत बसल्या. मग उठल्या, कोपऱ्यातली भरून ठेवलेली पिशवी ओढली आणि तिची गाठ सोडली. आतून एकेक करून गुड्डीची दुपटी, झबली काढली, टोपडी काढली, काजळाची डबी, खुळखुळा, तेलाची बाटली. सगळं फळीवर नीट रचून ठेवलं. तळाशी त्यांचं स्वतःचं एक लुगडं तेवढं राहिलं.

"मुरुडची गाडी किती वाजता हाय ओ, अप्पा?"

"पाचला असेल. मी येतो स्टँडपर्यंत."

त्यांनी पिशवीची गाठ मारायला घेतली आणि थांबल्या. पुन्हा फळीपाशी गेल्या. रचून ठेवलेल्या झबल्यांतलं एक, अंगावरून काढलेलं, न धुतलेलं, उचललं, नाकाशी धरलं आणि लुगड्याच्या घडीत घातलं.

"हे एवढं नेते," त्या अनिताला म्हणाल्या, तिला ओठ दिसतील अशा समोर उभ्या राहून.